गोल कडीचा पाय
शिवणाच्या मशीनच्या तेलाचा वास आला की मला नाशिकच्या सासरची ती दुपार आठवते. मी नवी नवरी होते. बाकीच्या बायका धुणं घेऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीवर गेल्या होत्या आणि जाऊबाई नणंदेच्या बाळासाठी दुपटं शिवत होत्या. त्यावर टिपेची वेल काढायची होती, पण कापड दाबून धरणारा मशीनचा सपाट पाय ते जाड कापड वळूच देईना. खणात वेलबुट्टीसाठीचा गोल कडीचा दुसरा पाय होता; त्यात कापड हवं तसं वळतं आणि कडीमुळे बोट सुईखाली जात नाही. "कशाला? पायाशिवायच काढते," म्हणत त्यांनी नुसत्या सुईखाली कापड फिरवायला घेतलं, आणि खट्ट आवाज झाला. सुई त्यांच्या बोटात आरपार रुतली होती. "चाक हातानं फिरव," त्या म्हणाल्या. "मला नाही हो जमायचं!" "तूच आहेस इथे. फिरव." मी चाक फिरवलं, तशी सुई वर आली. बोटावर हळद दाबून, चिंधी बांधून त्यांनी कडीचा पाय बसवला. "आता तू बस. आज बसली नाहीस, तर पुन्हा कधीच बसणार नाहीस." मी रडत रडत वेल पुरी केली. पुढे विधवा झाल्यावर शिवणावरच मी मुलं वाढवली. त्या दुपारी जाऊबाईंनी मला मशीनवर बसवलं नसतं तर, या विचाराची आज त्या सुईपेक्षा जास्त भीती वाटते.