मोज्यातले मूठभर तांदूळ

मुलगी ऑस्ट्रेलियाला निघाली तेव्हा काय न्यायचं नाही याची यादी मीच फ्रिजच्या दारावर चिकटवली होती. बिया, ताजी फळं, मुळं, कच्चं धान्य, दुधाचे पदार्थ. व्हिसाच्या सोडतीत तिचं नाव लागलं होतं. वर्षभर त्या देशात राहायचं, मिळेल ते काम करायचं आणि फिरायचं, असा तो व्हिसा. तिचे अप्पा, माझे यजमान, नाराज होते. शिकायला जा म्हणत होते, नोकरीला जा म्हणत होते, पण फळं भरायला एवढ्या लांब कशाला? मी म्हटलं, जाऊ दे. जुन्या हुबळीत भांड्यांच्या दुकानात मी पंचवीस वर्षं उभी आहे. त्या गल्लीतून बाहेर न पडता माणूस किती शहाणा होतो ते मला माहीत आहे.

शेजारणींनी लोणची आणली, शेंगाची चटणी आणली. मी यादी दाखवून सगळं परत पाठवलं. कुणाला वाईट वाटलं, वाटू दे.

निघायच्या दिवशी सकाळी अक्का धारवाडहून नवनगरला आमच्या घरी आल्या. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, निवृत्त शिक्षिका. एकट्या राहतात. ओटी भरायला आल्या होत्या.

"अक्का, लग्न कुठं झालंय तिचं?" मी म्हटलं.

"समुद्र ओलांडतीय. रिकाम्या पदरानं जाईल काय?"

"जीन्सला पदर नसतो, आत्या," मुलगी म्हणाली.

"तर टॉवेल धर. पण धर."

टॉवेलात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि खण पडला. मुलगी पाया पडली आणि सगळं तसंच स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर ठेवून म्हणाली, "हे नाही नेता येणार." अक्कांनी मान हलवली. "नियम आहे तर नियम आहे. तुम्ही शिजवून खा." छत्तीस वर्षं शाळेत काढलेली बाई, नियम त्यांना समजावून सांगावा लागत नाही. दुपारच्या आत त्या परत गेल्या.

त्यानंतर मी बॅगांचं वजन केलं. दुकानातला काटा आणला होता. मुलगी आंघोळीला गेली होती. कट्ट्यावर तो टॉवेल तसाच होता. मी त्यातले मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी घेतली, रुमालात गाठ मारली, गाठ लोकरी मोज्यात घातली आणि मोजा बॅगेतल्या तिच्या जादा बुटात कोंबला. नारळाची चटणी केली.

मी देवाधर्मातली बाई नाही. संकष्टीसुद्धा धरत नाही. पण भरलेली ओटी मागं टाकून पोर बाहेर पडली आणि पुढं काही झालं तर, एवढंच डोक्यात आलं. यादी दोन हातांवर समोर होती. मूठभर तांदूळ कुणाला दिसणार, असं मला वाटलं.

दिसले. तिथल्या विमानतळावर भरायच्या कागदावर तिनं 'बियाणं, धान्य काही नाही' असं लिहून खाली सही केली होती. यंत्रात बॅग गेली आणि बुटातली गाठ दिसली. तीन तास तिला एका खोलीत बसवून ठेवलं. व्हिसा इथंच रद्द करू शकतो, हे दोनदा सांगितलं. शेवटी तिच्या नावावर लेखी ताकीद नोंदवून आत सोडलं.

फोन आला तेव्हा दुकानात मी, तिचे अप्पा आणि कुकरचं झाकण बदलायला आलेलं एक गिऱ्हाईक होतं. फोन स्पीकरवर होता.

"आत्यानंच ठेवलं असणार," ती रडत म्हणाली. "मी नाही म्हटलं ना, म्हणून गुपचूप."

झाकण माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "असेल."

तिच्या अप्पांनी तिथूनच अक्कांना फोन लावला, तोही स्पीकरवर. "अक्का, पोरीला विमानतळावरून परत पाठवत होते. तुझ्या हळकुंडापायी!" मग अक्का म्हणाल्या, "मी ठेवलं? ... ठेवलं असेन रे. अलीकडं आठवत नाही मला."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी गिऱ्हाइकाला झाकण बसवून दिलं.

मुलगी एका लहान गावात संत्र्यांच्या शेडमध्ये कामाला लागली. पट्ट्यावरून फळं येतात, डागाळलेली वेचून काढायची, दिवसाचे आठ-नऊ तास उभं राहून. पहिले पंधरा दिवस बोटं सुजलेली असायची. आणखी तिघी परदेशी मुलींबरोबर ती चाकांवरच्या घरात राहायची. मला फोनवर दाखवायची: डोक्याला जाळी, हातात मोजे. एकदा म्हणाली, "इथं एका भागातून दुसऱ्या भागात गाडीनं फळसुद्धा नेता येत नाही, आई. रस्त्यावर डबा असतो, त्यात टाकून पुढं जायचं. एका माशीनं बागा जातात. आत्याला सांग, उगीच नव्हते ते लोक चिडले." मी सांगते म्हटलं. सांगितलं नाही.

अक्का आमच्याकडं यायच्या बंद झाल्या. नवरात्रात दरवर्षी माझी ओटी भरायच्या, त्या वर्षी आल्या नाहीत. डॉक्टरांकडं जाऊन आल्या आणि विसरण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या असं कानावर आलं. सत्तरीला विसरायला होतंच, असं मी तिच्या अप्पांना म्हटलं. हे मी म्हटलं, हे मला नीट आठवतं.

आठ महिन्यांनी मुलीनं आणखी एक वर्ष राहण्यासाठी अर्ज केला. विमानतळावरच्या त्या ताकिदीचा खुलासा लिहून द्यायचा होता. तिनं मसुदा मला पाठवला आणि जेवणाच्या सुट्टीत फोन केला.

"वाच आणि सांग. खाली सही करायचीय, सगळं खरं आहे म्हणून."

मी वाचलं. माझ्या आत्याचे वय सत्तर असून तिची स्मरणशक्ती कमजोर झाली आहे, तिने माझ्या नकळत ते सामान ठेवले, असं लिहिलं होतं. अर्ज त्यावर अवलंबून होता. एकदा खोट्या कागदावर तिची सही झाली होती, माझ्यामुळं. ही दुसरी झाली असती.

"सही करू नको," मी म्हटलं. "आत्यानं नाही ठेवलं. मी ठेवलं."

शेडमधल्या पट्ट्याचा आवाज ऐकू येत राहिला.

"यादी तूच लावली होतीस."

"हो."

"आणि आठ महिने आत्याला..."

"हो."

"सुट्टी संपली माझी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदललेला खुलासा आला, सोबत एक शब्दही नाही. आत्याच्या जागी आई झाली होती. आईच्या वयाबद्दल किंवा स्मरणशक्तीबद्दल त्यात काही नव्हतं. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.

त्याच सकाळी मी धारवाडची बस धरली. अक्कांच्या टेबलावर वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा होता. मी उभ्यानंच सांगून टाकलं.

"कुठल्या मोज्यात?" त्यांनी विचारलं.

"लोकरी. करड्या."

त्या विचार करत राहिल्या. "करडे मोजे मी पाहिलेच नव्हते."

"नाही."

"म्हणजे मला आठवत नव्हतं, ते बरोबर होतं."

त्यांनी गोळ्यांचा डबा जवळ ओढला.

"शिकवणी बंद केली मी, वैनी. चार पोरी यायच्या गणिताला. म्हटलं, चुकीचं शिकवीन. गॅस बंद केला का म्हणून बसस्टॉपवरून परत येते. डॉक्टरनं विचारलं, विसरल्याचं एक उदाहरण सांगा. मी हे सांगितलं." त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "गुरुवारी तू यायचंस माझ्याबरोबर. हे तू सांगायचंस त्याला, मी नाही."

"येते."

"माझ्या भावाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"लाव फोन. स्पीकरवर."

मी लावला. तिचे अप्पा घाईत होते. "दुकानात गिऱ्हाईक आहे, मग बोलू."

अक्का टेबलावर वाकून फोनजवळ आल्या. "गिऱ्हाईक असू दे," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोरच ऐक."