साडूभाऊंचा लाल दिवा

आमच्या साडूभाऊंइतका कमी शक्तीत जगणारा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरा नसेल, आणि असलाच तर ते सांगायची तसदी त्याने घेतली नसेल. ब्रह्मपुरीत घराच्या मागच्या खोलीत ते बिनतारी निरोप पाठवणारे लहान डबे बनवतात. डबा धानाच्या बांधावर बसवायचा. रानडुक्कर आत शिरलं की शेतकऱ्याच्या फोनवर निरोप जातो. एका सेलवर डबा वर्षानुवर्षं चालावा, हा त्यांचा एकच ध्यास. "डब्ब्यानं झोपाचं," ते म्हणतात, "काही झालं तरच उठाचं, एक शब्द बोलाचा, अन् पुन्हा झोपाचं." स्वतःचंही तसंच. त्यांच्या लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडची मंडळी घसा बसेपर्यंत बोलली. हे शेवटी डोळे उघडून "चालते" म्हणाले. फोन ते उचलत नाहीत. डब्यांना साधा दिवाही लावत नाहीत, उगाच सेल जातो म्हणून. "भाऊ, चालू हाय का बंद, समजाचं कसं?" गिऱ्हाईक विचारतं. "डुक्कर येऊ द्या," हे सांगतात.

त्यांची आई एटापल्लीच्या पलीकडे एका गावात एकटी राहते. तिथे रेंज नाही आणि ती गाव सोडत नाही. म्हणून साडूभाऊंनी तिच्या दाराला एक डबा लावला. सकाळी दार उघडलं की झाडांवर बांधलेले डबे एकमेकांकडे निरोप सरकवत रेंजच्या गावापर्यंत नेतात आणि तिथून यांचा फोन वाजतो.

एका सकाळी तो वाजलाच नाही. साडूभाऊ अनवाणीच निघाले, मागून मी त्यांच्या चपला घेऊन. एसटीत आणि पुढे जीपमध्ये ते अखंड बोलत होते: आईचे गुडघे, विहिरीची निसरडी पायरी, अस्वलं. मला त्यांची पहिल्यांदाच भीती वाटली. पोचलो तर म्हातारी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती.

"डब्बा काऊन बंद हाय?"

"सेल काढून फडक्यात बांधून ठेवला. मी बरी हाय, मंग उगाच काऊन जाळाचा?"

साडूभाऊ उंबऱ्यावर बसले. रक्त शेवटी एकच.

मग तीच म्हणाली, "अन् मी बरी हाय ते तुले समजते. तू बरा हायेस ते मले कोन सांगते?"

साडूभाऊंनी परत येऊन नवा डबा बनवला, लाल दिव्याचा. आता आईचा निरोप आला की ते फोनवर बोट दाबतात आणि तिकडे दिवा लुकलुकतो. तो लुकलुकेपर्यंत म्हातारी दारातच बसून असते म्हणतात. परवा मी चिडवलं, "साडूभाऊ, दिव्यानं सेल लवकर संपते ना?"

"संपते," ते म्हणाले, आणि एटापल्लीला जायची पिशवी भरू लागले. पिशवीत नवे सेल होते.