दोन्हीकडे चहा पिणारे हिंदुरावमामा

हिंदुरावमामा पेपर कधी बसून वाचत नसत. संध्याकाळी कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या दूध कट्ट्यावर धार काढायला म्हशी आल्या, की एका हातात धारोष्ण दुधाचा ग्लास आणि दुसऱ्या हातात सकाळचा पेपर घेऊन ते उभ्या उभ्या जगाचा निकाल लावत. नळ-पाइपचं दुकान होतं, तालमीचं अध्यक्षपद होतं, पण जीव सगळा या निकालात. मी पडलो शाळामास्तर, त्यामुळे त्यांना विरोध करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. मामा वारले तेव्हापासून मला ते काम उरलेलं नाही, आणि त्याचा फार राग येतो.

आमच्याकडे तालमींचे फुटबॉलचे संघ असतात. सामन्यावरून दोन तालमी भिडल्या, की मिटवायला मामाच जात. आधी ह्यांच्या घरी चहा, मग त्यांच्या घरी चहा, आणि कोण चुकलं हे दोन्हीकडे बोलायचं नाही. "चूक काढली की कप परत जातोय मास्तर," ते म्हणत, "आणि कप परत गेला की दार बंद." एकदा असा इतका चहा झाला, की मामींनी वैतागून त्यांना जेवायलाच वाढलं नाही.

युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि कट्ट्याची दोन शकलं झाली. दिल्लीवाले कुणाचीच बाजू घेईनात, दोन्हीकडे गोड बोलतात, म्हणून मी खवळलो होतो.

"मामा, एक जण दुसऱ्याच्या घरात घुसून मारतोय, आणि आपण दोघांनाही 'जेवला का' विचारायचं?"

"इचारायचं की. न्हाय इचारलं तर उद्या आपलं ऐकणार कोण? दोन्हीकडं चहा पितोय गडी, पिऊ दे."

निम्मा कट्टा त्यांच्या बाजूने हसला, निम्मा माझ्या बाजूने ओरडला. एक म्हैस बिथरली आणि तिने बादलीच लवंडली. खरं सांगतो, त्या दिवसांत मुलांपेक्षा मलाच शाळा सुटायची घाई असायची.

पण मामांची नात ऋतुजा युक्रेनमध्येच डॉक्टरकी शिकत होती. हॉस्टेलच्या तळघरात बिस्किटं खाऊन दिवस काढत होती. कट्ट्यावर मामा तिचं नाव काढत नसत. फक्त पेपर वाचतानाचा त्यांचा आवाज वाढला होता.

एका संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली. दिल्लीहून दोन्ही देशांच्या अध्यक्षांना फोन झाले, विद्यार्थ्यांना बाहेर पडायला वाट मिळणार. कट्टा नुसता उसळला. "मामा, तुमचा चहा लागू पडला की," म्हणत लोकांनी त्यांना उचलायचंच बाकी ठेवलं. तालमीच्या पोरांनी तिथूनच फ्लेक्स छापायला सांगितला. कोल्हापुरात माणूस पोचायच्या आधी त्याचा फ्लेक्स लागतो. हलगीवाल्याला निरोप गेला. मीही हार कबूल करून मामांना दूध पाजलं. हरल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

त्या गलक्यातच मामांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. ऋतुजा होती.

"आबा, फोन झालेत म्हणे. पण बाहेर अजून आवाज येतायत. स्टेशनपर्यंत चालत जायला लागणार. निघू का?"

"निघ म्हणावं," सगळा कट्टा एका सुरात म्हणाला. "सांगा की मामा, निघ म्हणून."

मामांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग म्हणाले, "बाळा, मला कळत न्हाय. हितं पेपरात लई कळत हुतं. तुझ्या डोळ्याम्होरं काय हाय ते मला दिसत न्हाय. तू नीट बघ. तू ठरीवशील ते बरोबर."

फोन बंद झाला. मामा कट्ट्याच्या कडेला मटकन बसले. मला त्यांचा संताप आला होता. अशा वेळी पोरीला धीर द्यायचा सोडून हे काय बोलणं? पण त्यांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला, आणि मी शेजारी जाऊन बसलो.

सीमा ओलांडल्याचा तिचा फोन येईपर्यंत कट्ट्यावर कुणी पेपर उघडला नाही. मग मात्र काय विचारता! कोल्हापूर स्टेशनवर हलगी, गुलाल, हारांसकट पुढारी. वार्ताहराने ऋतुजाला विचारलं, धीर कुणी दिला? ती म्हणाली, "आबांनी. बाकी सगळे निघ म्हणत होते. आबा एकटेच म्हणाले, मला कळत नाही. मग मी जिन्यात थांबून कान देऊन ऐकलं. आवाज थांबले, तेव्हा आम्ही निघालो."

मिरवणूक चौकात आली. तिथे तो फ्लेक्स लागला होता. वर दिल्लीचे नेते, त्यांच्याखाली मुंबईचे, मग नगरसेवक, मग कानाला फोन लावलेले खुद्द मामा, आणि कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी ऋतुजा. मामांनी हलगी थांबवली आणि पोरांना फ्लेक्स उतरवायला सांगितला.

"का हो मामा?" मी डिवचलं. "फोन त्यांनीच केले ना? तुम्हीच सांगत होता."

"केलं की. उपकार हायत त्यांचं, कवाबी चहाला येऊ देत. पण फोन बसून केल्यात मास्तर. चालली पोरगी."

दुसऱ्या दिवशी नवा फ्लेक्स लागला. पाठीवर सॅक घेतलेली ऋतुजा, चांगली दुमजली उंच. सगळे नेते खालच्या ओळीत, टिकलीएवढे. मामांचा फोटो मात्र कुठेच नव्हता. तो त्यांनी स्वतः छापखान्यात उभं राहून वगळायला लावला होता.