तिने ठरवलेलं घर

मंगळवारी सकाळी अकरा वाजता वॉर्डात राउंड घेताना माझी बायको वसुधा खुर्चीवर बसली आणि गेली. मला सांगलीत दुपारी फोन आला. नवव्या दिवशी तिला विमानाने आणलं. दहाव्या दिवशी दहन केलं.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सौदीहून फोन आला. वसुधा असीर प्रांतातल्या एका सरकारी इस्पितळात अकरा वर्षं मुलांची डॉक्टर होती. त्या इस्पितळाची अँब्युलन्स चालवणारा इस्माईल बोलत होता. तो रत्नागिरीकडचा.

"सर, मॅडमच्या घराचं काय करायचं?"

"क्वार्टर रिकामं झालं ना?"

"क्वार्टर नाय ओ. घर. डोंगरावरचं. मॅडम विकत घेत होत्या ते."

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. कुठली गोष्ट कुठे ठेवलेली आहे हे माहीत असणं हा माझा धंदा होता. तीस वर्षं संसार केलेल्या बायकोने परदेशात घर बघितलं, पसंत केलं, आणि मला ते एका ड्रायव्हरकडून कळत होतं. मी फोन ठेवला. डोक्यात एकच प्रश्न येत राहिला. त्या घरात मी होतो का?

व्हिजिट व्हिसा मिळायला वेळ लागला. ऑगस्टच्या अखेरीस मी अभाला (असीरचं मुख्य शहर) उतरलो. बॅगेत अर्ध्या बाह्यांचे सुती सदरे होते, कारण सौदी म्हणजे वाळू आणि ऊन हे मी अकरा वर्षं धरून बसलो होतो. त्याच कारणाने एकदाही आलो नव्हतो. ती दर उन्हाळ्यात सांगलीला यायची आणि म्हणायची, "या एकदा." मी म्हणायचो, "बघू."

विमानतळाबाहेर धुकं होतं. समोरच्या गाड्यांचे दिवे तेवढे दिसत होते. मी कुडकुडत उभा राहिलो. इस्माईलने स्वतःचं जाकीट काढून माझ्या अंगावर घातलं.

"मॅडम बोलायच्या, आमच्या सरांना वाटतं आम्ही इथे उंटावर बसून ड्यूटीला जातो."

मला हसायला हवं होतं. मी जाकिटाची चेन शोधत राहिलो.

दोन तासांचा घाट. दोन्ही बाजूंना अरअरची (डोंगरावर वाढणारं सुरूसारखं झाड) दाट झाडी, खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं. एका वळणावर गाडी थांबवली, तेव्हा कठड्यावर माकडांची ओळ बसलेली होती, कुत्र्याच्या तोंडाची, खांद्यांवर करडी आयाळ. इस्माईलसाठी आणलेला बाकरवडीचा पुडा मी त्याच्या हातात देत होतो. एक नर शांतपणे उतरून आला आणि पुडा घेऊन गेला.

"जाऊ द्या सर. टोल घेतलान त्याने."

मग त्याने मला सगळं नीट सांगितलं. इथे राहून नोकरी करणाऱ्या परक्या माणसाला स्वतःच्या राहण्यापुरतं एक घर सरकारच्या परवानगीने घेता येतं. वसुधाने अर्ज केला होता. परवानगीही आली होती. खरेदीचा कागद गुरुवारी व्हायचा होता.

"कुठल्या गुरुवारी?"

"त्याच सर. मंगळवारनंतरच्या."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगते बोलल्या होत्या. कागद हातात आला की सांगते. मला गळ्याशपथ घातलीनी, सरांना बोलू नको म्हणून."

वाटेतल्या गावी सरकारी कचेरी लागली. खिडकीमागचा तरुण अदबीने उठून उभा राहिला. त्याने वसुधाचं नाव वाचलं आणि खुर्ची पुढे केली. त्याच्या धाकट्या बहिणीला तिने औषध दिलेलं होतं. मग तो पडद्याकडे बघत हळूहळू बोलला आणि इस्माईलने ते मला सांगितलं. परवानगी बाईंच्या राहण्यासाठी होती. राहणारी व्यक्ती नाही, म्हणून परवानगीही नाही. मी इथला रहिवासी नाही. बाहेरच्यांसाठी जे नवे नियम आलेत, त्यात हे गाव बसत नाही.

"खलास?" मी विचारलं. मला येणाऱ्या चार अरबी शब्दांपैकी तो एक होता.

"खलास," तो म्हणाला, आणि पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

मी तिथूनच परतलो असतो. इस्माईल ऐकेना. "सर, म्हातारा अडकून पडलाय. अभाच्या एका माणसाला ते घर पाव्हण्यांच्या लॉजसाठी पायजे. पण याने मॅडमना शब्द दिलेला. तुम्ही तोंडाने मोकळं केल्याशिवाय तो दुसऱ्याला द्यायचा नाय."

गाव धुक्याच्या वर होतं. घर तीन मजली, खाली दगडाचं आणि वर मातीचं. मातीच्या भिंतीतून पातळ फरशांच्या ओळी छज्ज्यासारख्या बाहेर आलेल्या, पावसाचं पाणी भिंतीवर ओघळू नये म्हणून. दारात मालक अबू नासिर उभे होते, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. घराचं नाव न काढता आधी जेवायला बसवलं. परातीत अरीका (गव्हाच्या रोटीचा कुस्करा) होता, मधोमध तूप आणि मधाचं तळं. मी मांस खात नाही हे त्यांना कसं माहीत, असं मी विचारणार होतो. मग लक्षात आलं.

"दक्तोरासारखंच खातो हा," त्यांची बायको उम्म नासिर इस्माईलला म्हणाली, आणि तो मला सगळं मराठीत सांगत गेला. "चिमणीसारखं. तिच्या घरात कुणाला जेवायला शिकवलंच नाही का?"

वसुधाची तिथली मैत्रीण तीच, हे मला तिच्या बोलण्यावरून कळलं.

जेवण झाल्यावर दोघं आम्हाला वरच्या बैठकीच्या खोलीत घेऊन गेली. कागद व्हायच्या आधीच अबू नासिरांनी किल्ली दिली होती, आणि वसुधाने काम काढलं होतं. एका भिंतीत ओळीने खोल कोनाडे होते. इकडच्या घरांतले कोनाडे वीतभर असतात, कॉफीचं भांडं ठेवण्यापुरते. हे हातभर खोल होते.

"गवंडी हसला तिला," उम्म नासिर म्हणाली. "म्हणाला, यात बकरी बांधणार का? ती म्हणाली, नवऱ्याची पुस्तकं. तो म्हणाला, इतकी? ती म्हणाली, हे निम्मेच झालेत."

मी हात आत घातला. माझ्याकडच्या कोशाचे मोठे खंड त्यात आडवे नाही, उभे बसले असते. तिने उंची कधी मोजली होती, कुणास ठाऊक. मी तिथेच जमिनीवर बसलो.

बसल्यावर समोरची भिंत दिसली. असीरमध्ये बैठकीच्या भिंती घरच्या बायका रंगवतात. त्याला कत्त म्हणतात. जिचं घर तिने रेघा आखायच्या, शेजारणींनी येऊन रंग भरायचे. या भिंतीवर लाल, पिवळ्या, हिरव्या त्रिकोणांचे पट्टे पूर्ण होते. मधली जागा मात्र पांढरी होती, आणि तिथे पेन्सिलीचे ठिपके. सहा ओळी, मग काही नाही.

उम्म नासिरने कमरेच्या पिशवीतून चौकटीच्या वहीचं एक पान काढलं. "ती म्हणाली, हे माझ्या गावचं आहे. आम्हाला वाचता येईना. अर्धी भिंत टाकून आम्ही घर कुणाला देत नाही. तिने काय लिहिलंय?"

पानावर एका कोपऱ्यात तिच्या अक्षरात होतं: १५ ते ८.

तीस वर्षांत मी वसुधाला रांगोळी काढताना पाहिलं नव्हतं. दिवाळीत ती ड्यूटीवर असायची, आणि आमच्या दाराशी बाजारातला छापा चिकटवलेला असायचा. पण माझ्या दोन बहिणी दिवाळीच्या आधी रांगोळीच्या पुस्तकावरून भांडत, म्हणून हे आकडे मला वाचता येत होते. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत आठपर्यंत, प्रत्येक ओळ आधीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये.

मी ते सांगितलं. उम्म नासिरने पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"मी पुरुष आहे," मी म्हणालो. "हे बायकांचं काम ना?"

"हो. पण बाईने तुझ्याकडेच ठेवलेलं दिसतंय," ती म्हणाली. "यल्ला, चल."

उरलेल्या नऊ ओळी मी काढल्या. सातव्या ओळीत एक ठिपका तिरका गेला. तो खोडू का विचारलं तर ती म्हणाली, राहू दे. वहीत बघून रेघा जोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच शेजारणी आल्या. मी आणि इस्माईल अंगणात बसलो. आतून हसणं ऐकू येत होतं.

दुपारी अबू नासिरांसमोर उभं राहून मी म्हणालो, "वसुधाला दिलेल्या शब्दातून तुम्ही मोकळे आहात." इस्माईलने ते अरबीत सांगितलं. म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि मला ते पुन्हा म्हणायला लावलं. शब्द तीनदा सुटावा लागतो, असं ते म्हणाले. मी तिन्ही वेळा म्हणालो.

निघताना विमानात वाचायला आणलेलं मराठी पुस्तक मी एका कोनाड्यात ठेवलं. नव्या मालकाने भिंतीला हात लावू नये, एवढं त्याच्याकडून वदवून घेईन, असं अबू नासिर म्हणाले. पुस्तकाचं मी काही मागितलं नाही.

सांगलीला परतल्यावर मी कपाटं उघडून खंडांची उंची मोजली. मग कोनाड्यांची, तिथे काढलेल्या फोटोवरून, जमेल तशी. मापं बरोबर जुळत होती. अकरा वर्षं ती मला "या" म्हणत होती. माझ्यासाठी जागाही करून ठेवली होती. मी वाळूची सबब सांगत राहिलो, आणि तिथे धुकं होतं.

परवा इस्माईलने फोटो पाठवला. लॉज सुरू झालं आहे. कोनाड्यांत कॉफीची भांडी मांडली आहेत. भिंत तशीच आहे, तिरक्या ठिपक्यासकट. शेवटच्या कोनाड्यात ते पुस्तक आहे. तिथे ते वाचू शकेल असा एकच माणूस आहे, इस्माईल, आणि त्याला वाचायची आवड नाही.