टाकळ्याची जुडी

नातवंडांनो, मेंदूला झटका आल्यापासून आजोबांना समोरची वस्तू ओळखता येत नाही, म्हणून मी रोज चित्रं दाखवून त्यांची परीक्षा घेत होते. आता ती बंद केली आहे. का, ते सांगते.

किन्हवलीच्या बाजारात एक रानभाजीवाली बसते. तिलाही असाच झटका येऊन गेला आहे. पानं चुरडून, हुंगून मगच ती जुडी बांधते. परवा तिच्या सुनेने बांधलेली जुडी तिने सोडली. "हा टाकळा नाय गो! डोळे धड असून कोनाचा तरी घात करशील."

मी विचारलं, "तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतंय, पन काय हाय ते कळत नाय. मग हाताला इचारते, नाकाला इचारते."

घरी येऊन मी आजोबांच्या हातात एक किल्ली ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली. "मागच्या दाराची," ते म्हणाले.

त्यांच्या बोटांना घर अजून पाठ आहे.