धुतलेल्या निवट्या

भास्करभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पापडीच्या शेंगा सोलत होते. बातमी ऐकली, फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा सोलून घेतल्या. माणूस शहाऐंशीचा, तीन महिने अंथरुणावर. रडण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते माझे धाकटे दीर. लग्न होऊन मी बडोद्याला नागरवाड्यात आले तेव्हा ते कॉलेजात शिकत होते. पुढे तिथंच प्राणिशास्त्र शिकवू लागले.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. तेराव्यानंतर त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोकसभा घेतली. एक जण माइकवर म्हणाला, "सुरुवातीच्या काळात नमुने हाताळताना सरांकडून हलगर्जीपणा झाला होता, पण एवढं मोठं मन की त्यांनी तो स्वतः जाहीर केला." लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. पण हलगर्जीपणा त्यांचा नव्हता. तो कोणाचा होता हे ठाऊक असलेली मी एकटीच आता उरले आहे, म्हणून लिहिते.

भाऊजींचा विषय होता निवटी. खाडीच्या चिखलात राहणारा बोटभर, वीतभर मासा, डोळे डोक्यावर, बेडकासारख्या उड्या मारतो. ओहोटीला पाणी कोसभर मागे जातं तेव्हा बाकीचे मासे पाण्याबरोबर जातात, ही मात्र कल्ल्यात पाणी धरून चिखलावर हिंडत राहते. माझं माहेर रेवदंड्याचं, त्यामुळे निवटी मला नवीन नव्हती. आम्ही तिचं कालवण करायचो. भाऊजींना कालवणाशी कर्तव्य नव्हतं. त्यांना निवटीच्या पोटातले आणि कल्ल्यांवरचे किडे हवे असत. रविवारी पहाटेच्या एसटीने ते आखाताच्या काठच्या एका गावी जायचे, तिथल्या कोळ्यांबरोबर चिखलात उतरायचे आणि दुपारी दोन बादल्या घेऊन परतायचे. वर फडकं बांधलेलं, कारण शेजार सगळा शाकाहारी. समोरच्या शारदाबेन ओट्यावरून विचारायच्या, "शुं लाव्या, भास्करभाई?" भाऊजी म्हणायचे, "कॉलेजनुं काम." त्या नाकाला पदर लावून म्हणायच्या, "कॉलेज बहु गंधाय छे."

रविवारी कॉलेज बंद, आणि मेलेली निवटी उन्हाळ्यात दोन तासांत सडते. म्हणून मासे घरीच कापायचे ठरले. भाऊजींचा हात चाकूवर अगदीच वाईट, पोट फाडायला गेले की आतडंही फाडायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण मासा मी आठव्या वर्षापासून कापते. त्यांनी मला एक लहान कात्री आणून दिली. कल्ले एका बाटलीत, आतडं दुसऱ्या बाटलीत, वर फॉर्मालिन, चिठ्ठीवर नंबर. पहिली दोन वर्षं हे काम मी एकटीनेच केलं. माझे यजमान प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांना वासाचं काही नव्हतं. ते म्हणायचे, "आमच्याकडं ग्रीस, तुमच्याकडं हे."

एकदा भाऊजींनी मला कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकातून कल्ल्यावरचा किडा दाखवला. चपटा, टोकाला आकडे. म्हणाले, "वहिनी, हा माशाला धरून बसतो, त्याचंच खातो, पण सहसा त्याला मरू देत नाही. मासा मेला तर राहणार कुठं?" मी म्हटलं, "तुमच्यासारखाच म्हणजे. लग्न करा आता." ते पुष्कळ हसले. तसे ते कमी हसायचे.

दोन बादल्या दोन जागच्या असत. एक खालच्या, पाण्यालगतच्या चिखलातली, दुसरी वरच्या, किनाऱ्याकडच्या चिखलातली. दोन वर्षांनी भाऊजींच्या लक्षात आलं की पोटातले किडे दोन्हीकडे सारखेच आहेत, पण वरच्या निवट्यांचे कल्ले स्वच्छ. त्यांनी कारण शोधलं. वरची निवटी जास्त वेळ उघड्यावर राहते, कल्ले सुकतात, किडे टिकत नाहीत. लेख लिहून पाठवला, तो घेतल्याचं पत्रही आलं. डॉक्टरेट आता याच्यावरच होणार होती. त्या दिवशी मी श्रीखंड आणलं होतं. जेवताना ते यजमानांना सगळं समजावून सांगत होते. मी वाढत होते. मला कल्ल्यांचं बोलणं कळत होतं, कारण कापायचे मीच. मी म्हटलं, "भाऊजी, वरच्यांना मी मीठ चोळून धुते, ते चालतं ना?"

त्यांचा हात ताटातच राहिला.

"का धुता?"

"खालच्या निवट्या पाण्यातून येतात, स्वच्छ असतात. वरच्यांवर चिखल वाळून घट्ट झालेला असतो. तसा मासा विळीवर घ्यायचा कसा? कल्ल्यातसुद्धा चोळते, तिथंच चिखल फार."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

भाऊजींनी हे कधी पाहिलं नव्हतं, कारण घरी आले की ते आधी अंघोळीला जायचे, गुडघ्यापर्यंत चिखल असायचा. तेवढ्या वेळात माझं धुणं उरकायचं... ते ताटावरून उठले नाहीत. श्रीखंड संपवलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, आणि त्या दिवसापासून पुढची तीन वर्षं आल्याबरोबर चिखलाच्या पायांनी माझ्या शेजारी पाटावर बसायचे. अंघोळ नंतर. फरशी मी पुसायची. न धुतलेल्या वरच्या निवट्यांच्या कल्ल्यांवर किडे खालच्याइतकेच निघाले. त्यांनी लेख परत घेतला. डॉक्टरेट तीन वर्षं लांबली, बढतीची जागा दुसऱ्याला मिळाली. कॉलेजात त्यांनी सांगितलं, "माझ्या हाताळणीत चूक झाली." माझं नाव कुठंच घेतलं नाही.

मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती. जाण्याच्या थोडे दिवस आधी त्यांना भेटायला गेले तेव्हा एवढंच विचारलं, "धुतले मी. माझं नाव का नाही सांगितलंत?"

त्यांचा आवाज बारीक झाला होता. म्हणाले, "धुऊ नका असं मी तुम्हाला सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग?"

हे त्यांचं म्हणणं. मला ते पटलेलं नाही. दोन वर्षं रोज ज्याला ताटात वाढलं, त्याला 'धुऊ का?' एवढं मीही विचारू शकले असते.

मासा मी अजूनही पाण्याखाली धरण्याआधी कल्ला उचलून बघते. सून म्हणते, "आई, आधी धुवा तरी." मी म्हणते, थांब. परवा पापलेटाच्या कल्ल्यात एक किडा निघाला, पांढरा, तांदळाच्या कणीएवढा. सवयीने बशीत काढला आणि बशी खिडकीत ठेवली. संध्याकाळपर्यंत ती तिथंच होती. मग बशी विसळली, मासा घेतला, मीठ चोळलं आणि धुतला.