नव्या खात्याची पहिली पुनव

माझा राग नाकावर असतो, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे. मला त्याचा अभिमानच वाटायचा. आता वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगावात मी शाळेचे गणवेश शिवून द्यायचे. नवरा एसटीत कंडक्टर, त्यामुळे तो चार दिवस घरी तर चार दिवस बाहेर. घरात तीन मशिनी आणि कामाला दोन बाया. उन्हाळ्यात कापड घ्यायला बँकेतून ओव्हरड्राफ्ट उचलायचा आणि शाळांची बिलं निघाली की फेडायचा, असा शिरस्ता. त्याला तारण होती शेजारच्या नानांची ठेवीची पावती. नाना जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. मी मागितलीही नव्हती. बँक तारण मागतेय एवढं कानावर गेलं, तर स्वतःच पावती घेऊन आले आणि सही करून मोकळे झाले.

त्या वर्षी दीपनगरच्या शाळेचा मोठा चेक आला. तो भरायला गेले तर नव्या मॅनेजरनं तासभर उभं ठेवलं आणि मग सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, उद्या मिस्टरांना पाठवा. व्यवहाराचं त्यांच्याशीच बोलतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेक तसाच पिशवीत टाकला आणि बाहेर पडले. रस्त्यापलीकडे दुसरी बँक होती, नानांची पेन्शन तिथे यायची. नवं खातं उघडायला ओळखीच्या माणसाची सही लागे, तीही नानांनीच केली. फक्त पेन टेकवता टेकवता म्हणाले, "पहिले जुनं बठ्ठं फेडी टाक माय, मंग नवं उघाड."

"फेडते की नाना, पळून थोडीच चालले?" मी म्हटलं.

चेक वटला. जुनं खातं एका दिवसात मिटलं असतं. पण माझ्या सासरी एक रीत होती. नव्या गल्ल्यात टाकलेला पहिला पैसा पुनव गेल्याशिवाय हलवायचा नाही, नाहीतर लक्ष्मी टिकत नाही. लाकडी गल्ल्याची ही रीत मी बँकेच्या खात्याला लावली. खरं सांगायचं तर रीत हे निमित्त होतं. मला त्या मॅनेजरला वाट पाहायला लावायची होती, भले व्याज चढो. त्याची नोटीस आली तेव्हा मी ती कामाच्या बायांना ठसक्यात वाचून दाखवली आणि आम्ही तिघी पोट धरून हसलो.

पुनवेला आठ दिवस उरले असताना नाना आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, पावसापाण्याचं बोलले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुनं ते जुनं खातं मिटनं का?"

"पुनव होऊ द्या, नाना. तोवर जरा तडफडू द्या त्याला."

नाना हसले. "बरं शे," म्हणाले, चपला पायात सरकवत थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. ते एक वाक्य जास्त बोलले असते तर पुनव आणि लक्ष्मी दोन्ही बाजूला ठेवून मी धावले असते. पण आपण केलेल्या उपकाराची आठवण करून देणं त्यांना जमणारं नव्हतं. दहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या मला एवढं कळायला हवं होतं.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पै न् पै फेडली. मोकळी झालेली पावती आणि पावशेर पेढे घेऊन नानांकडे गेले. नाना देवळात गेलेले. त्यांच्या बायकोनं पावती उलटसुलट करून पाहिली आणि रडायलाच लागली. धाकट्या मुलीचं धुळ्याच्या डी.एड. कॉलेजात नाव लागलं होतं. फी भरायची शेवटची तारीख जाऊन चार दिवस झाले होते. नाना ठेव मोडायला गेले, तर तारण सुटल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत असं बँकेनं सांगितलं. तिथून ते थेट माझ्या ओट्यावर आले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी पैसे घेऊन धुळ्याला गेले. जागा पुढच्या नंबरच्या मुलीला देऊन झाली होती. परत येऊन नानांचे पाय धरले, तर म्हणाले, "तिनं नशीब. तुना काय दोस?" त्यांनी रागवायला हवं होतं. मला ते सोसलं असतं.

मार्गशीर्षात मुलीचं लग्न ठरलं, सावद्याच्या केळीवाल्यांकडे. स्थळ चांगलं होतं. लग्नाचे ब्लाउज शिवायला ती माझ्याकडेच आली. माप देता देता म्हणाली, "अक्का, मला मास्तरीण व्हायचं होतं. पण आमच्या नानांचा मुलीसाठी हातच सुटत नाही. दादाच्या वेळेला बरे निघाले पैसे!"

नानांनी तिला माझं नाव कळू दिलं नव्हतं. बायकोलाही बजावलं असणार. पोटच्या पोरीकडून कंजूष म्हणवून घेणं त्यांनी पत्करलं होतं. मी तिच्या दंडाला टेप लावून उभी होते. शब्द ओठांवर आले होते, आणि मॅनेजरसमोर न घाबरलेली मी त्या अठरा वर्षांच्या पोरीला घाबरले.

"बाही किती ठेवायची?" मी विचारलं.